धातू आणि उपसर्ग

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. प्रवेश परीक्षेसाठी रोज तीस इंग्रजी शब्द पाठ करतेस आणि रविवारी उजळणीला बसलीस की त्यांतले निम्मे आठवत नाहीत, हे वाचून मला थोडे हसू आले. तुझ्या वयात मीही शब्दकोश पहिल्या पानापासून पाठ करायला घेतला होता आणि 'बी' हे अक्षरदेखील गाठले नव्हते.

नववीत तुला संस्कृतात एक श्लोक होता, आठवतो का? 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥' मूळ धातू एकच, 'हृ', म्हणजे नेणे. पण उपसर्ग बदलला की जेवण, मारणे, नाश आणि फिरणे असे अर्थ त्यातून निघतात. आता लॅटिनमधला 'पोर्तारे' घे. त्याचाही अर्थ वाहून नेणे असाच आहे. आत आणले ते इम्पोर्ट, बाहेर नेले ते एक्स्पोर्ट, पलीकडे नेले ते ट्रान्सपोर्ट, देशाबाहेर घालवले ते डिपोर्ट. घडलेली गोष्ट परत येऊन सांगितली तो रिपोर्ट आणि खालून भार उचलून धरला तो सपोर्ट. हे सहा शब्द तू सहा वेगळ्या दिवशी पाठ केले असतेस.

सपोर्टमध्ये खरा उपसर्ग 'सब' आहे, म्हणजे खाली. पुढच्या 'प'मुळे त्याचा 'सप' झाला. उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, तसाच 'इन' आणि लीगल यांचा इलीगल होतो आणि 'इन' आणि रेग्युलर यांचा इर्रेग्युलर. इंग्रजी स्पेलिंगमधली जी जोडअक्षरे तू दरवेळी चुकतेस, त्यांतली बरीचशी अशा संधीतून आलेली आहेत, हे मला फार उशिरा कळले.

ही किल्ली सगळ्या कुलुपांना लागत नाही, हेही ध्यानात असू दे. पाणी, घर, भाकरी यांसारख्या रोजच्या वस्तूंचे इंग्रजी शब्द जर्मानिक कुळातले आहेत. लॅटिन शब्दांचा मोठा लोंढा १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमार्गे आला आणि पुढे विद्वानांनी थेट ग्रंथांतून आणखी भर घातली. म्हणून कोर्टकचेरीच्या आणि पुस्तकी शब्दांत ही युक्ती सर्वांत अधिक फळते, आणि तुझ्या परीक्षेत नेमके तेच शब्द असतात. सारखे दिसणारे धातूही फसवतात. पेडेस्ट्रियनमधला 'पेड' म्हणजे पाय, आपल्या 'पाद'चा सख्खा नातलग. पण पीडिअ‍ॅट्रिशियनमधला ग्रीक असून त्याचा अर्थ मूल असा आहे. इन्फ्लेमेबलमधला 'इन' नकाराचा नाही, त्यामुळे टँकरवर तो शब्द दिसला तर आग लागणार नाही असे समजून जवळ जाऊ नकोस! यासाठी मोठ्या शब्दकोशात शब्दाच्या शेवटी किंवा सुरुवातीला चौकटी कंसात व्युत्पत्ती दिलेली असते, ती वाचल्याशिवाय कोणतेही नाते पक्के धरू नये.

यादी या आठवड्यापुरती बाजूला ठेव. एका वहीच्या पानावर मधोमध 'दूकेरे' हा लॅटिन धातू लिही. याचा अर्थ वाट दाखवत नेणे, म्हणजे श्लोकातल्या 'नीयते'मधला आपला 'नी'. एका बाजूला विनय, अनुनय, परिणय, अभिनय मांड, दुसऱ्या बाजूला इंड्यूस, डिड्यूस, प्रोड्यूस, इंट्रोड्यूस, आणि प्रत्येकाचा उपसर्ग वेगळा काढून त्याचा अर्थ शेजारी लिही. रिड्यूस मात्र मुद्दाम शेवटी घे. 'मागे नेणे' यातून 'कमी करणे' हा अर्थ कसा निघाला असेल, यावर तुझा तर्क आधी मला कळव आणि मगच शब्दकोश उघड.

तुझे,
बाबा