डिजिटल रेल्वे प्रतिकृतींचे मार्गदर्शक पुस्तक निवडताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

छंदविषयक पुस्तकांचा परिचय करून देताना आपले दैनिक रेल्वे प्रतिकृतींच्या डिजिटल नियंत्रणावरील पुस्तकांचीही दखल घेते, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र या परिचयांत पृष्ठसंख्या, छायाचित्रे आणि छपाई यांविषयी जितके लिहिले जाते तितके आतल्या मजकुराविषयी लिहिले जात नाही. या विषयात चुकीचे पुस्तक हाती पडले, तर पुस्तकाबरोबर इंजिनाचेही नुकसान होते.

पुस्तक चाळताना पहिली गोष्ट पाहावी ती ही, की त्यात पद्धत समजावलेली आहे की एखाद्या कंपनीच्या यंत्राची बटणे. जुन्या पद्धतीत रुळांतील विजेचा दाब कमीजास्त केला की त्या रुळावरची सगळी इंजिने एकदम हलत. डिजिटल पद्धतीत रुळांवर कायम पूर्ण दाब असतो आणि आज्ञा त्याच विजेतून जाते. विजेची दिशा ५८ मायक्रोसेकंदांनी उलटली तर तो ‘एक’, १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांनी उलटली तर ‘शून्य’, आणि अशा अंकांतून आपला पत्ता ओळखून प्रत्येक इंजिनातला डिकोडर स्वतःपुरती आज्ञा उचलतो. जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या रचनेवरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात याची मानके ठरवली, म्हणूनच एका कंपनीचे कमांड स्टेशन, म्हणजे रुळांवर आज्ञा पाठवणारे मुख्य यंत्र, दुसऱ्या कंपनीच्या डिकोडरला चालवू शकते. हातातले नियंत्रक स्टेशनला जोडण्याची पद्धत मात्र कंपनीगणिक वेगळी आहे. एकीकडे लोकोनेट, तर दुसरीकडे एक्सप्रेसनेट. ही सीमारेषा जे पुस्तक स्पष्ट दाखवत नाही, ते नियंत्रक बदलताच निरुपयोगी होते.

दुसरी कसोटी म्हणून मी नेहमी सीव्ही २९ वरील पान उघडतो. सीव्ही म्हणजे डिकोडरच्या स्मृतीतले क्रमांकित कप्पे: पहिल्यात लहान पत्ता, तिसऱ्यात वेग घेण्याची गती, चौथ्यात वेग सोडण्याची. एकोणतिसाव्या कप्प्यात मात्र अनेक निर्णय एकाच संख्येत बेरजेने भरलेले असतात. दिशा उलटण्यासाठी १, वेगाच्या २८ किंवा १२८ पायऱ्यांसाठी २, जुन्या पद्धतीच्या रुळावरही चालावे यासाठी ४, लांब पत्त्यासाठी ३२. काही पुस्तके नुसते ‘येथे ३८ भरा’ असे सांगतात. ३८ म्हणजे ३२, ४ आणि २, हे ज्याला उमगले, त्याला इंजिन उलट धावू लागले की ३९ भरायचे हे कोणी सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट वायरिंगची, आणि तिच्याबद्दल मी अनुभवाने बोलतो. एका जुन्या इंजिनात मी डिकोडर बसवला आणि वीज देताच तो जळाला. अशा पुष्कळ इंजिनांत मोटरचा एक ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारा संपर्क) थेट सांगाड्याला, म्हणजे पर्यायाने रुळाला जोडलेला असतो. दोन्ही ब्रश रुळांपासून पूर्णपणे वेगळे केल्याशिवाय डिकोडर लावायचाच नसतो. माझ्याजवळच्या जाडजूड पुस्तकात याविषयी एक ओळही नव्हती. नवे काम आधी प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे सीव्ही भरण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या, रुळावर तपासावे, कारण तेथे वीज मर्यादित असल्याने चूक सहसा जीवघेणी ठरत नाही, हेही मला नंतर कळले. रूळ वळसा घालून स्वतःलाच येऊन मिळतो, तेथे डावा रूळ उजव्याला भिडून शॉर्ट सर्किट होते; तो तुकडा दोन्ही रूळ कापून वेगळा ठेवावा लागतो, स्वयंचलित दिशापालट यंत्रावर द्यावा लागतो आणि गाडीच्या लांबीपेक्षा मोठा असावा लागतो. हे तिन्ही मुद्दे आकृतीसह आहेत का, ते पाहावे. लेआउटवर, म्हणजे मांडलेल्या सगळ्या रेल्वेमार्गावर, कोठेही दोन्ही रुळांवर नाणे आडवे ठेवले, तर बूस्टरने, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राने, लगेच वीज तोडली पाहिजे. ती तुटली नाही, तर तारा बारीक आहेत किंवा जोडण्या कमी आहेत. १५ व्होल्ट आणि ५ अँपिअरचा बूस्टर ७५ वॉट देतो. तेवढ्या उष्णतेने डब्याचे प्लास्टिक वितळू शकते.

आवृत्तीच्या वर्षाला सरसकट महत्त्व देऊ नये. वायरिंगची प्रकरणे सहज जुनी होत नाहीत. डिकोडरचे सॉकेट, ध्वनी आणि डिकोडरकडून उलट माहिती पाठवणारे रेलकॉम यांची प्रकरणे मात्र नवी हवीत. आठ पिनांच्या सॉकेटवरच थांबणारे आणि एकवीस पिनांच्या किंवा नेक्स्ट १८ सॉकेटचा उल्लेखही नसलेले पुस्तक नव्या इंजिनांसाठी अपुरे आहे.

माझी विनंती एवढीच, की यापुढे अशा पुस्तकाचा परिचय छापताना परीक्षकांनी सीव्ही २९, वळशाचा रूळ आणि जुन्या इंजिनातील मोटर या तीन गोष्टी पुस्तकात कशा हाताळल्या आहेत, ते दोन-तीन ओळींत अवश्य सांगावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक