तुलनेच्या तक्त्यात सर्व्हरचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यातल्या उद्योग पुरवणीत आपण लघुउद्योगांसाठी सायबर सुरक्षेच्या सॉफ्टवेअरांचा तुलनातक्ता अर्धं पान छापला. कंपनीचं नाव, पुढे चांदण्या, किती टक्के व्हायरस पकडले, आणि पहिल्या वर्षाची किंमत. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये हिशेब पाहते. ज्याला टॅली येतं त्याला कॉम्प्युटरही कळतो अशी आपल्याकडे समजूत असल्यामुळे ऑफिसातले आणि शॉपफ्लोअरवरचे सगळे कॉम्प्युटर माझ्याच गळ्यात आहेत. मालकांनी तक्त्याचं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "यातला पहिल्या नंबरचा मागवून टाका." मी मागवला नाही. का नाही, ते त्यांना सांगून झालंय. आता आपल्याला लिहिते.

टक्केवारीपासून सुरुवात करते, कारण तक्त्याचा सगळा भार तिच्यावरच आहे. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन प्रयोगशाळा अशा चाचण्या नियमित घेतात, आणि त्यांचे अहवाल कोणालाही वाचता येतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६ म्हणजे एकूण १८ गुण ठेवते. नावाजलेल्या बहुतेक कंपन्या साडेसतरा-अठराच्या घरात असतात, आणि विंडोजबरोबर फुकट येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडरही बहुतेक वेळा तिथेच असतो. सगळा वर्गच डिस्टिंक्शनमध्ये पास झाल्यावर मेरिट लिस्ट लावून करायचं काय? त्या अर्ध्या गुणाच्या फरकावर कारखाना वाचत नाही की बुडत नाही.

बुडतो तो कसा, ते आमच्याच लाइनीतल्या एका युनिटमध्ये गेल्या वर्षी पाहिलं. तिथे टॅलीच्या कॉम्प्युटरवर पैसे मोजून घेतलेला, चालू मुदतीचा अँटीव्हायरस होता, कोपऱ्यात हिरवी खूण. त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर टॅलीचा डेटा, ग्राहकांची ड्रॉइंगं, व्हीएमसीचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचे) प्रोग्राम आणि कामगारांच्या आधार कार्डांच्या स्कॅन कॉपी. तो सबंध ड्राइव्ह नेटवर्कवर शेअर, परवानगी 'एव्हरीवन, फुल कंट्रोल', म्हणजे कुणीही काहीही बदलावं. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला ते सोपं पडतं, शिरोलीपासून भोसरीपर्यंत हे असंच असतं. मशीनशेजारच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७, आणि अँटीव्हायरस टाकला तर प्रोग्राम पाठवताना मशीन अडकेल या भीतीने तो कोरा. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम, आलं ते त्या कोऱ्या कॉम्प्युटरवर, आणि तिथे बसून त्याने नेटवर्कवरून डी ड्राइव्हवरच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं.

हिरवी खूण शेवटपर्यंत हिरवीच होती. यात त्या अँटीव्हायरसचा दोष काढता येत नाही. कुलूप लावणारा प्रोग्राम त्याच्या कॉम्प्युटरवर चालतच नव्हता. त्याला दिसत होतं ते एवढंच, की नेटवर्कवरचा एक ओळखीचा कॉम्प्युटर फायली उघडतोय आणि परत लिहितोय, जसा तो रोज करतो. अशा दुरून होणाऱ्या कुलूपबंदीवर नजर ठेवायची सोय काही उत्पादनांत असते. एकामागून एक फायलींतला मजकूर अचानक वाचता न येणारा व्हायला लागला की ती समोरच्या कॉम्प्युटरचा संबंध तोडते. सोफोस कंपनीच्या क्रिप्टोगार्डचा उल्लेख मी याच संदर्भात वाचला. आपल्या तक्त्यात या सोयीचा रकाना नाही. सर्व्हरचाही, म्हणजे सगळ्यांच्या फायली ठेवणाऱ्या मुख्य कॉम्प्युटरचाही, नाही. घरगुती परवान्याचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विंडोज सर्व्हरवर बसतच नाही, त्याला वेगळा परवाना आणि वेगळा दर लागतो, हे दुकानात गेल्यावर कळतं. तोपर्यंत बजेट मंजूर झालेलं असतं.

त्या युनिटने पुढे काय केलं तेही सांगण्यासारखं आहे. बॅकअप त्याच डी ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये होता, तोही गेला. विक्रीची बिलं जीएसटी पोर्टलवर भरलेल्या जीएसटीआर-१ वरून उभी केली, खरेदी त्याच पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी वरून, काही माल ई-वे बिलांवरून. कॅशबुक आणि जॉबवर्कची चलनं मात्र कुठल्याच पोर्टलवर नसतात. ती हमालाच्या आणि टेम्पोवाल्याच्या वहीवरून जुळवत बसले. म्हणून माझ्या मते कोणत्याही सुरक्षा सॉफ्टवेअरच्या किमतीशेजारी एका बाहेरच्या हार्डडिस्कची किंमत छापायला हवी. बॅकअप झाला की काढून कपाटात ठेवायची डिस्क. सतत जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे आणखी एक डी ड्राइव्ह.

शेअर केलेल्या ड्राइव्हची ही गोष्ट काही आजची नाही. १२ मे २०१७ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं ते विंडोजच्या याच फाइल शेअरिंगच्या दारातून. त्या दाराची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेली होती. दोन महिने ज्यांनी अपडेट केलं नाही ते सापडले. आता विंडोज १० ची नेहमीची मदतही १४ ऑक्टोबर २०२५ला संपली आहे, आणि आमच्या पट्ट्यात ते अजून ढिगाने चालतंय. तेव्हा कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या कॉम्प्युटरवर कोणतं अपडेट राहिलंय ते दाखवतं, हा रकाना चांदण्यांच्या कितीतरी वर हवा. बिझनेस आवृत्ती आणि साधा अँटीव्हायरस यांत खरा फरक असलाच तर हाच: एका जागी बसून सगळे कॉम्प्युटर दिसतात. कुणाची मुदत संपली, कुणी काम अडतंय म्हणून संरक्षण बंद करून ठेवलं, कुठे पेनड्राइव्ह लागला. आमच्याकडे ऑपरेटर चांगले आहेत, पण मशीन थांबलं की ते सगळ्यात आधी अँटीव्हायरसच बंद करतात. तो बंद करायला पासवर्ड मागतो की नाही, एवढं साधं तपासून छापा.

फुकटच्या डिफेंडरबद्दल आपल्या लेखात एकच तुच्छतेची ओळ आहे, तीही पटली नाही. त्यात ठरावीक फोल्डरना अनोळखी प्रोग्रामपासून जपणारी सोय आहे; ती आपण होऊन चालू नसते, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. आणि दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर बाजूला होतो, ती सोयही त्याच्याबरोबर जाते. म्हणजे पैसे खर्चून एक दार बंद करताना दुसरं उघडं राहू शकतं. चार-पाच कॉम्प्युटरच्या ऑफिसला डिफेंडर नीट लावून, उरलेले पैसे बॅकअपवर घालवणं हा हलका पर्याय नाही. त्यापुढे कॉम्प्युटर वाढले की मात्र एका जागी बघायची सोय विकत घ्यावीच लागते, मग ती मायक्रोसॉफ्टची घ्या की आणखी कुणाची.

आता कंपन्यांबद्दल. आमच्या भागात क्विक हील म्हटलं की अर्धी चर्चा संपते. कैलास काटकर हे साताऱ्याच्या रहिमतपूरचे, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता त्यांनी आणि त्यांच्या भावाने कंपनी उभी केली, २०१६ला ती शेअर बाजारात आली. याचा अभिमान मलाही आहे. पण कारखान्यासाठी त्यांचं उत्पादन सेक्राइट या नावाने येतं, आणि दुकानदार बहुतेक वेळा घरगुती डबाच पुढे करतो. डबा पिवळा की निळा यापेक्षा मला हे हवं असतं की रात्रपाळीला काही झालं तर फोनवर मराठीत समजावून सांगणारा माणूस मिळतो का. हाही रकाना होऊ शकतो, फोन लावून बघायला एक दिवस पुरेल.

परदेशी कंपन्यांचं आणखी वेगळं. कॅस्परस्की या अँटीव्हायरसच्या विक्रीवर अमेरिकेने जून २०२४ मध्ये बंदी जाहीर केली आणि सप्टेंबरअखेर अपडेटही बंद करायला लावले. ती कंपनी तिथल्या चाचण्यांत नापास झाली होती म्हणून नव्हे, तर रशियातली म्हणून. तुमचा ग्राहक अमेरिकेत असेल तर त्याचा ऑडिटर हे विचारू शकतो. अव्हास्ट या दुसऱ्या अँटीव्हायरस कंपनीला त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या ट्रेड कमिशनच्या कारवाईत १ कोटी ६५ लाख डॉलर मोजावे लागले, कारण संरक्षणाच्या नावाखाली गोळा केलेली लोकांच्या ब्राउझिंगची माहिती विकली गेली होती. यातली एकही गोष्ट टक्केवारीत उतरत नाही.

आणि सुरक्षेचं सॉफ्टवेअर स्वतःच आडवं पडलं तर? १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडले. इंडिगोने प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. क्राउडस्ट्राइक हे या धंद्यातलं नावाजलेलं नाव. म्हणून अपडेट आधी एका कॉम्प्युटरवर घेऊन बाकीच्यांवर दुसऱ्या दिवशी सोडता येतं का, हे मी प्रत्येक विक्रेत्याला विचारलं. काहींना प्रश्नच कळला नाही.

अपडेटचा रस्ता किती नाजूक असतो ते हिशेबनिसांना तर पक्कं माहीत हवं. जून २०१७ मधलं नॉटपेट्या हे फायली नासवणारं व्हायरससारखं सॉफ्टवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलं आणि मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा बसल्यामुळे आपल्या जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनल अडकलं. आमच्या भागातल्या फाउंड्र्यांचा निर्यातीचा माल त्याच बंदरातून जातो.

फायली पाठवण्याबद्दल आपल्या लेखात 'डेटा ट्रान्सफर सुरक्षित ठेवतो' एवढंच वाक्य आहे. कोण ठेवतं? अँटीव्हायरस तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत. पुढे ड्रॉइंग जातं ते ग्राहकाच्या पोर्टलवर, मेलवर, नाहीतर सरळ व्हॉट्सॲपवर. एका जुन्या ग्राहकाचं काम अजून साध्या एफटीपीवर, म्हणजे फायली पाठवायच्या जुन्या पद्धतीवर, चालतं, ज्यात पासवर्डही उघडा जातो. एसएफटीपी, म्हणजे सगळं गुप्त करून पाठवणारी पद्धत, द्या म्हणून मी मागे लागले आहे. बरं, महागडं फाइल ट्रान्सफर सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. मूव्हइट हे नेमकं याच कामासाठी बनलेलं उत्पादन २०२३ मध्ये एका भगदाडामुळे फुटलं आणि बीबीसी, ब्रिटिश एअरवेजसकट दोन हजारांहून अधिक संस्थांची माहिती गेली. त्यातल्या कित्येकांकडे ते सॉफ्टवेअर नव्हतंच, ते त्यांच्या पगारपत्रकं करणाऱ्या कंपनीकडे होतं. तेव्हा माझ्या कामगारांचे आधार क्रमांक आणखी कुणाकुणाकडे पडलेत, हे आधी एका कागदावर लिहून काढलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, २०२३ च्या, पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल २५० कोटी रुपये आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही निघाले.

ज्यात व्हायरस नसतोच अशी फसवणूक तर कोणत्याही चांदणीला सापडत नाही. पुरवठादाराच्या नावाने मेल येतो, जुन्याच पीओचा (खरेदी ऑर्डरचा) नंबर, तीच भाषा, फक्त 'आमचं बँक खातं बदललंय'. यावर उपाय म्हणजे आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारणं, मेलमधल्या नंबरवर नव्हे. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. स्वतःचं डोमेन असेल तर एसपीएफ आणि डीमार्क या नोंदी (आपल्या नावाने खोटे मेल जाऊ नयेत म्हणून) करून घ्याव्यात, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही, डोमेन सांभाळणाऱ्याची सवड लागते.

लॉगचा, म्हणजे कॉम्प्युटरवर कधी काय झालं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींचा, विषय आपल्या लेखात नावालाही नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि १८० दिवसांचे लॉग ठेवायचे. सुट्या अँटीव्हायरसचा लॉग त्याच कॉम्प्युटरवर असतो. कुलूप लागलं की तोही गेला, मग कळवणार काय? लॉग दुसरीकडे साठतो का आणि किती दिवस, याचं उत्तर माहितीपत्रकात सापडलं नाही तर लेखी मागावं. मी मागितलं, काहींनी दिलं.

आम्ही शेवटी काय घेतलं ते मुद्दाम लिहीत नाही, जाहिरात व्हायची. तसंही सगळ्यात जास्त उपयोग झाला तो व्हीएमसीचे कॉम्प्युटर ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळे काढण्याचा आणि प्रोग्रामसाठी तेवढंच एक फोल्डर, तेही मशीनच्या बाजूने फक्त वाचता येईल असं, ठेवण्याचा. त्याचं बिल अँटीव्हायरसच्या बिलापेक्षा कमी आलं.

आपल्या तक्त्याच्या खालीच त्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या कंपनीची जाहिरात होती, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. कागदाचे भाव मलाही माहीत आहेत. पण पुढच्या पुरवणीत पुन्हा असा तक्ता देणार असाल तर सर्व्हरच्या परवान्याचा आणि दुसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणाच्या दराचा रकाना तरी घाला. पहिल्या वर्षाची सवलत सगळेच देतात. जागा कमी पडली तर चांदण्या काढा.

आपली,
एक हिशेबनीस, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
(नाव-पत्ता छापू नये ही विनंती)