सिव्हिल घेण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल इंजिनिअरिंगच्या शाखेवरून बोलताना तू फोन आपटलास, म्हणून लिहिते आहे. शाखा तूच निवड. दादासारखं कॉम्प्युटर घे असं मी म्हणणार नाही. सुरुवातीचा पगार बहुधा त्याच्यापेक्षा कमी असेल, तेवढं मात्र धरून चाल. सिव्हिलमध्ये किंमत अनुभवाला असते आणि तो सावकाश येतो.

पण पुलांचे फोटो आवडतात एवढ्यावर ठरवू नकोस. पहिली दोन वर्षं पूल नाहीत, बेंडिंग मोमेंटच्या, म्हणजे भार तुळईला किती जोराने वाकवू पाहतो त्याच्या, आकृत्याच असतात. दोन टोकांवर टेकवलेली तुळई घे. दर मीटरला भार तोच ठेवून लांबी दुप्पट केली, तर मधला मोमेंट चौपट होतो आणि तुळई सोळापट वाकते. असं का, हे शोधावंसं वाटलं तर ही शाखा तुझी.

मला काळजी आहे ती वेगळीच. स्लॅब ओतताना काँक्रीट घट्ट वाटलं की कुणीतरी पाण्याचा पाइप सोडतो. ते जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, आत पोकळ्या राहतात आणि ताकद घटते. पातळ हवं असेल तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणारं रसायन, घालायचं, पाणी नाही. त्याच काँक्रीटचा नमुन्याचा ठोकळा, म्हणजे क्यूब, फोडून ताकद बघतात; तो निकाल २८ दिवसांनी येतो, तोवर वरचा मजलाही चढलेला असतो. तेव्हा तू बावीस वर्षांची असशील, समोर वीस वर्षं साइटवर काढलेला माणूस, आणि तो म्हणेल, "मॅडम, सही करा."

१९८१ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात आतले जायचे-यायचे टांगते पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ नकाशात वरचा आणि खालचा पूल एकाच अखंड सळईला टांगायचे होते. बांधताना सोयीसाठी दोन सळया केल्या. खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकला आणि तिथल्या नटावरचा भार दुप्पट झाला. त्या बदललेल्या नकाशावर इंजिनिअरचा शिक्का होता.

पुन्हा भाषणच झालं, रागावू नकोस. पावसात अंगणात पाणी तुंबलं की तू काडीने चर काढत बसायचीस, आबा कितीही ओरडले तरी उतार मिळेपर्यंत उठायची नाहीस. तुला हायड्रॉलिक्स, म्हणजे पाणी कसं वाहतं त्याचा विषय, आवडेल, याची मला खात्री आहे. सही नाकारणं जमेल का, याची नाही. तू मोठ्या माणसाला नाही म्हणताना आधी 'सॉरी' म्हणतेस.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारत बघू नकोस, मटेरियल लॅब बघ. क्यूब मुलं स्वतः ओततात आणि फोडतात, की लांबून बघतात? जमीन मोजायला शिकवणारा सर्व्हे कॅम्प खरोखर होतो का? सुट्टीत साइटवर पाठवतात का? हे तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार, आणि साइटवर त्यांचं कुणी ऐकतं का, तेही विचार. मग अर्ज भर.

तुझी,
आई