कॅरॅव्हॅनला करवत लावण्याआधी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. कॅरॅव्हॅन, म्हणजे तुझं गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आतून बदलायचा तुझा आराखडा नीट पाहिला. कपाटं आणि टेबल जागच्या जागी आहेत, पण सगळी मापं उभ्या माणसाची आहेत. तुझे दुखरे गुडघे आणि कंबर त्यात कुठेच दिसत नाहीत. म्हणून लाकडाला हात लावण्याआधी मास्किंग टेपचा रोल घे आणि दिवसभर आत नुसती वावर. उठताना, वळताना, बूट चढवताना हात आपसूक जिथे जाईल तिथे टेपचा तुकडा चिकटव. कपाटाच्या दारावर किंवा टेबलाच्या कडेवर तुकडा आला, तर तिकडे आधी लक्ष द्यायचं. त्या वस्तू तुझं वजन घ्यायला केलेल्या नाहीत आणि त्या नेमक्या तोल जाताना उखडतात.

आता आधाराच्या दांड्या. बहुतेक कॅरॅव्हॅनची भिंत म्हणजे आतून पातळ प्लाय, मध्ये थर्माकोलसारखा फोम आणि बाहेरून पत्रा किंवा फायबर. घरच्या भिंतीसारखा स्क्रू मारलास तर तो फोममध्ये शिरेल. पहिले काही दिवस घट्ट वाटेल, मग प्रवासाच्या हादऱ्यांनी भोक मोठं होईल. आतल्या लाकडी पट्ट्या कुठे आहेत ते टिचकी मारून शोध. पोकळ आवाज बदलतो तिथे पट्टी. मग दोन पट्ट्यांवर टेकेल एवढा 12 मि.मी. प्लायचा तुकडा पॉलीयुरेथेन गोंदाने भिंतीवर बसव, पट्ट्यांमध्ये स्क्रू घाल आणि दांडी त्या प्लायवर लाव. जाड फर्निचरला लावायची असेल तर आरपार नटबोल्ट आणि मागे रुंद वॉशर. बाहेरच्या पत्र्यातून भोक पाडावंच लागलं तर पाणी अडवणाऱ्या ब्यूटाइल सीलंटशिवाय बोल्ट घालू नकोस. पाणी आत मुरलं की लाकूड आतून कुजतं आणि दांडी हातात येईपर्यंत पत्ता लागत नाही.

दांडी 32 ते 38 मि.मी. जाडीची घे, मूठ पूर्ण वळते. ती अशी लाव की जोर खालच्या दिशेने, भिंतीला समांतर पडेल. भिंतीपासून बाहेर खेचणारा जोर कितीही चांगल्या जोडणीला सैल करतो.

दारात जास्त विचार कर, पडापडी तिथेच होते. उतार बांधायचा मोह सोड. 1:12 चा चढ धरला तर 50 सें.मी. उंचीला 6 मीटर लांब फळी लागते. ती ठेवायची कुठे आणि उचलायची कुणी? त्यापेक्षा 17 सें.मी.च्या आसपास उंचीच्या पायऱ्या कर आणि सगळ्यात वरची चांगली रुंद ठेव, दोन्ही पावलं आणि काठी मावतील एवढी. दार बाहेर उघडतं, म्हणून ती उंबऱ्याच्या खालीच राहू दे, नाहीतर दार फळीवर अडकेल. दांडी दोन्ही बाजूंना हवी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि कोपऱ्यांचे स्टँड खाली टेकवल्याशिवाय आत पाऊल टाकू नकोस, गाडी डुलते. ते स्टँड हाताने फिरवायला वाकावं लागतं. ड्रिलला लांब सॉकेट लावलंस तर कंबर वाचेल. मात्र त्यांनी गाडी उचलायला जाऊ नकोस, ते फक्त स्थिर ठेवायला असतात.

पलंगाची उंची गादीसकट मोजायची, आणि तीही तू बसलेली असताना. फोम दबतो, त्यामुळे कागदावरचे 48 सें.मी. प्रत्यक्षात 44 होतात. बसल्यावर पावलं सपाट टेकली पाहिजेत आणि गुडघा कंबरेपेक्षा वर जाता कामा नये. तू एकटीच आहेस, तेव्हा रोज बाकाचा पलंग करायची कसरत नको. एक बाजू कायमचा पलंग कर. बाकाची पेटी कापण्याआधी आत बघ. बॅटरी, पंप, हीटर बहुधा तिथेच असतात.

खालची कपाटं काढून पूर्ण बाहेर येणाऱ्या चॅनेलचे ड्रॉवर कर, कुलुपी बटणासह, नाहीतर पहिल्या वळणावर सगळं जमिनीवर. वरच्या कपाटात हलकं तेवढंच. 12 मि.मी.च्या 8 बाय 4 फुटी प्लायचं वजन 20 किलोच्या आसपास भरतं, म्हणून आत घालशील त्याची बेरीज करत राहा. जड सामान खाली आणि चाकांच्या आसाच्या वर.

टॉयलेटची टाकी 18-20 लिटरची असते. पूर्ण भरली तर ती तुझ्याने उचलली जाणार नाही. निम्म्यावर रिकामी कर. पाण्यालाही मोठ्या पिंपापेक्षा 5 लिटरचे कॅन बरे.

पाय अडखळेल असं पायपुसणं आत नको. गळलेला गॅस खाली उतरून बाहेर जायची जमिनीतली भोकं नव्या लाकडाखाली झाकली जाऊ देऊ नकोस. धूर आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म बसव, त्यांची चाचणीची बटणं काठीने दाबता यावीत. अग्निशामक दारापाशी.

एक दांडी जमिनीपासून 40-45 सें.मी.वर लाव आणि फोनचा चार्जर तिच्याजवळच. पडलीस तर उठायलाही आणि बोलवायलाही हात तिथेच पोचेल. दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूचं माप आणि पट्ट्या कुठे लागल्या ते कळव, म्हणजे दांड्यांची लांबी ठरवू.

तुझे,
बाबा