आपल्या उन्हाला पुरेल अशी लेन्स

ता. राळेगाव, जि. यवतमाळ
तान्हा पोळा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप परवा, पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला आला. कॅनन पी हा जुना फिल्म कॅमेरा घेतला, बॉडी ठणठणीत आहे, लेन्स नाही, वीस हजारात बसेल अशी पन्नास मिलिमीटरची लेन्स सांग, एवढंच लिहिलंस. फोनवर नाव सांगून मोकळा झालो असतो. पण याच जातीच्या माझ्या कॅमेऱ्यावर चार वर्षांत मी तीन लेन्स लावून पाहिल्या आणि एकदा चांगलाच फसलो. तुझे पैसे तसे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. आज बैलांना आराम आहे, लेकरं लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरताहेत, घर शांत आहे. म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

कॅमेरा उत्तम घेतलास. १९५९ मध्ये आलेलं हे यंत्र आजही आपल्या कामाचं आहे. त्याच्या खिडकीतून माणूस आहे तेवढाच दिसतो, लहान होत नाही, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो. आणि त्याच्या शटरचा पडदा पोलादी आहे. याचं मोल तुला पुण्यात कळणार नाही, इकडे वैशाखात कळतं. तुझा कॅमेरा रेंजफाइंडर, म्हणजे खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा, त्यात आरसा नसतो. टोपण न लावता कॅमेरा गळ्यात राहिला आणि लेन्स सूर्याकडे वळली, तर सूर्याचा ठिपका थेट पडद्यावर पडतो. कापडी पडदा असेल तर त्याला भोक पडतं. तुझ्या पडद्यावर सुरकुत्या असतील, त्यांची काळजी करू नकोस. जवळपास सगळ्यांच्याच पडद्यावर त्या असतात आणि त्याने फोटो बिघडत नाही. फक्त बोट लावू नकोस.

आता लेन्स. तुझ्या कॅमेऱ्याला ३९ मिलिमीटरची आट्यांची लेन्स लागते, जुन्या लायकाची. इथे दोन ठिकाणी माणूस फसतो. पहिलं म्हणजे लायकाच्या पुढच्या, एम नावाच्या कॅमेऱ्यांची लेन्स तुझ्या बॉडीवर कधीच बसणार नाही. आट्यांची लेन्स रिंग लावून एमवर चढते, उलटं होत नाही, कारण एममध्ये लेन्स फिल्मच्या एक मिलिमीटर जास्त जवळ असते. हल्ली ज्या नव्या स्वस्त चिनी लेन्स दिसतात त्यातल्या बहुतेक एमच्या आहेत, तेव्हा नीट वाचून घे. दुसरी फसगत जास्त वाईट. रशियन झेनिट कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सलासुद्धा त्याच ३९ च्या आट्या असतात. ती तुझ्या कॅननवर अगदी प्रेमाने फिरून बसेल, पण फोकस काही होणार नाही, कारण झेनिट आरशाचा कॅमेरा, त्याची लेन्स फिल्मपासून ४५.२ मिलिमीटरवर राहते आणि तुझी २८.८ वर. इंडस्टार-५० हे नाव दोन्हीकडे चालतं. विकणाऱ्याला सरळ विचार की ही रेंजफाइंडरची आहे की झेनिटची.

तू विचारशील की थोडे पैसे अजून घालून आणखी मोठ्या तोंडाची, एफ १.४ ची घ्यावी का. माझं स्पष्ट मत आहे, घेऊ नकोस. जरा हिशेब कर. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. कडक उन्हात एफ १६ ठेवलं की शटर फिल्मच्या आकड्याइतकं लागतं, हे तुला माहीत आहेच. ४०० ची फिल्म, एफ १६, शटर १/४००. आता तीच लेन्स एफ २ वर उघड. सहा स्टॉप झाले, दर स्टॉपला उजेड दुप्पट. म्हणजे शटर लागेल १/२५००० च्या आसपास, आणि तुझ्या कॅमेऱ्याचं सगळ्यात वेगवान शटर १/१०००. १०० ची फिल्म घातलीस तरी भर दुपारी एफ ५.६ च्या पलीकडे उघडता येत नाही. आपल्याकडे फाल्गुनापासून मृगापर्यंत सकाळी नऊला जे ऊन चढतं ते संध्याकाळी पाचपर्यंत उतरत नाही. कापसाच्या दिवसांतही दुपार तशीच, वरून बोंडांचा पांढरा रंग डोळ्यांत जातो. त्या १.४ चे पैसे तू मोजशील आणि वापरशील एफ ८. त्या फरकाच्या पैशात फिल्म घे. रोल, धुलाई आणि स्कॅन धरून एका रंगीत रोलला किती जातात ते तूच मला मागे सांगितलंस.

मी आधी ज्युपिटर-८ घेतली. ५० मिलिमीटर, एफ २, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याची. तिचं मूळ जर्मन आहे. झाइस कंपनीच्या लुडविग बर्टेलेने १९३२ च्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी सोनार लेन्स केली, युद्धानंतर ती विद्या, यंत्रं आणि काच रशियाकडे गेली, आणि त्यातून ज्युपिटर झाली. सहा काचा, पण तीन गटांत चिकटवलेल्या. हवेला लागणारे पृष्ठभाग कमी, म्हणून उजेड आत इकडेतिकडे उसळत नाही. तिचे चेहरे मला फार आवडतात. कडा मऊ, मध्य स्वच्छ, मागची तुरीची ओळ विरघळल्यासारखी. नंबराचे पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असतात, माझी ६३ ची आहे. अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्सचं तोंड लहान-मोठं करणाऱ्या, कड्याला टकटक नाही, नुसतं फिरतं, म्हणून दर फोटोला नजर टाकावी लागते.

पहिल्याच रोलमध्ये आईचा फोटो काढला. ओसरीत बसून ती तुरीची डाळ पाखडत होती, मी मीटरभर अंतरावर, एफ २ वर, डोळ्यावर फोकस धरला. खिडकीतल्या दोन्ही प्रतिमा तंतोतंत जुळल्या होत्या. रोल धुऊन आला तेव्हा आईच्या कानातली फुलं लख्ख, खड्याचा कोपरासुद्धा मोजता येईल अशी, आणि डोळे मऊ. मी स्वतःलाच दोष दिला, हात हलला म्हटलं. पुढच्या रोललाही तेच. मग कारण समजलं. रशियन लेन्स कॉन्टॅक्सच्या मापावर बेतलेल्या आहेत, तिथे पन्नास म्हणजे खरं ५२.४ मिलिमीटर. लायका आणि कॅनन ५१.६ धरतात. दूरवर काही फरक पडत नाही, जवळ आलं की फोकस इंचभर मागे सरकतो. मीटरभर अंतरावर एफ २ ला सगळी मिळून पाचेक सेंटिमीटरच स्पष्ट येतात, त्यात इंचभराची चूक म्हणजे फोकस डोळ्यांवरून कानाकडे. एफ ५.६ वर तेवढी चूक पोटात जाते. म्हणजे लेन्स खोटी नाही, तिची सोयरीक दुसऱ्या घराण्याशी आहे. झोर्की किंवा फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांवर ती नीट चालते. तुझ्याकडे झोर्की असता तर मी एवढं लिहिलंच नसतं, ज्युपिटर घे म्हणून मोकळा झालो असतो.

इंडस्टार-६१ पण मी वापरली. ५५ मिलिमीटर, एफ २.८, लँथॅनम काचेची. सगळ्यात स्वस्त आणि दिवसाच्या उजेडात अतिशय धारदार. झाडाची साल, भिंतीचा पोपडा, सगळं येतं. चेहऱ्याला मात्र ती मला कोरडी वाटली. दिली एकाला.

मग घेतली कॅननचीच ५० मिलिमीटर एफ १.८, आणि तुलाही माझा सल्ला हीच घ्यायचा. ज्युपिटरच्या दुपटी-तिपटीला जाते, तरी तू सांगितलेल्या पैशात बसते. बॉडी आणि लेन्स एकाच घरची, त्यामुळे फोकसची कटकट नाही. १९५१ पासून पुढे वर्षानुवर्षं कॅननने या लेन्स केल्या, बाजारात अजून भरपूर आहेत. पण तिला एक रोग आहे आणि मी तिथेच फसलो. अ‍ॅपर्चरच्या लगेच मागच्या काचेवर धुकट थर चढतो. माझी पहिली कॅनन लेन्स एका विकणाऱ्याने "काच स्वच्छ" म्हणून पाठवली. वरून पाहिली तर खरंच स्वच्छ. तिच्यावर कापूस वेचणीचा पूर्ण रोल काढला. बाया ओटी बांधून सूर्याच्या अंगाने येत होत्या, मागून ऊन, केसांवर कापसाचे धागे. रोल आला तो सगळा दुधात बुडवल्यासारखा. काळं कुठेच काळं नाही. तो दिवस परत आणता येत नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. रात्री दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारला आणि पुढून तिरकं पाहिलं, तेव्हा दिसलं. थंडीत खिडकीच्या काचेवर श्वास सोडल्यावर दिसतो तसा गोल, एकसारखा पांढुरका थर, कडेला किंचित दाट. साफ करवून घेतली, थर गेला, पण त्याखालची काचच खाल्ली गेली होती. तिला इलाज नाही.

म्हणून तुला कळकळीने सांगतो, लेन्सचं नाव नंतर, काच आधी. टॉर्च मारलेला फोटो मागितल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. टॉर्चमध्ये बारीक रेघा दिसल्या तर पुसल्याचे ओरखडे, थोडे चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, नको. कडेला इंद्रधनुष्य म्हणजे काचांचा डिंक सुटलाय, तेही नको. लेन्सच्या तोंडाची उघडझाप करणाऱ्या पात्यांवर तेल दिसलं तर ती घाणेरडी असली तरी लगेच नाकारू नकोस, रेंजफाइंडरच्या लेन्सची पाती आपण हाताने फिरवतो, स्प्रिंगने नाही, त्यामुळे ती अडत नाहीत. पण तेच तेल उन्हात उडून काचेवर बसतं. तेव्हा पुढेमागे तिची सफाई करावी लागेल असं धरून भाव कर.

लेन्स आली की रोल घालण्याआधी एक काम कर. कॅमेऱ्याचं मागचं दार उघड, ट्रेसिंग पेपरची पट्टी जिथे फिल्म टेकते त्या आतल्या दोन रुळांवर ताणून चिकटव. शटर बी वर, म्हणजे दाबून धरू तोवर उघडं राहील असं, केबल रिलीजने दाबून धर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. मग खिडकीतून फोकस जुळवून पट्टीवर भिंगाने पाहा. आधी दूरचं, मी आमच्या पाण्याच्या टाकीची शिडी घेतो. मग मीटरभरावरचं, खिडकीचा गज चालेल. दोन्हीकडे खिडकीत जुळलेलं पट्टीवरही धारदार असलं की लेन्स आपली.

एफ १.८ लागते कधी? परवा लागली. खांदशेकणीला दिवस मावळत होता, आभाळ भरलेलं. बाबा गोठ्यात पांढऱ्या बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावत होते, पळसाच्या पानाने शेकत होते आणि हळूच म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गोठ्यात पिवळा बल्ब एकच. ४०० ची फिल्म, एफ १.८, १/३०. आरसा नसल्यामुळे कॅमेऱ्याला झटका नाही, १/३० हातात धरवतं. जुवाने घासून बैलाचा खांदा जिथे गुळगुळीत झालाय तिथे बाबांचा अंगठा थांबला होता, नखात हळद. मी दोन काढले. बाबा न बघताच म्हणाले, "याचा खांदा दुखून रायला, हळू घे." रोल अजून कॅमेऱ्यातच आहे. तेवढ्यासाठी १.८ पुरते. वर्षातून अशा पाच-सात संध्याकाळी येतात, त्यांच्यासाठी १.४ चे पैसे घालायला मी तयार नाही.

फिल्टरचं सांगून ठेवतो. कॅननच्या या लेन्सला ४० मिलिमीटरचा फिल्टर लागतो आणि तो मिळता मिळत नाही. ज्युपिटरचा ४०.५, तो सहज मिळतो. लेन्ससोबत जुना पिवळा फिल्टर देत असतील तर शंभर-दोनशे जास्त दे. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर श्रावणातले ढग त्याशिवाय उठत नाहीत.

पावसाळ्यात कॅमेरा-लेन्स स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, सोबत निळी सिलिका जेल. दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत भाज. तो तवा स्वयंपाकात आणू नकोस. तांदळात ठेवू नकोस, त्याचा भुरका आत जातो. उन्हाळ्यात इकडे आलास तर गाडीत कॅमेरा सोडायचा नाही, ४५-४६ अंशांत बंद गाडीत लेन्सचं ग्रीस पातळ होऊन नको तिथे जातं.

घाई करू नकोस. चांगली कॅनन मिळेपर्यंत माझी ज्युपिटर तुझीच समज. दिवाळीला येशील तेव्हा बॉडी घेऊन ये, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन कापसाची पहिली वेचणी सुरू झालेली असेल. चेहरा दीड मीटरच्या बाहेर ठेव आणि एफ ४ च्या खाली उतरू नकोस, एवढं पाळलंस तर ती तुला निराश करणार नाही. मध्ये कुठली लेन्स नजरेत भरली तर आधी टॉर्चचा फोटो मला पाठव. मी पाहतो, मग पैसे भर.

वहिनींना नमस्कार, लेकराला आशीर्वाद. आईने तुझ्यासाठी करंज्या ठेवल्या आहेत, पण त्या दिवाळीपर्यंत टिकायच्या नाहीत.

तुझाच