टॉपर पेलेल, हौद्याची कड पेलेल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत पिकअपच्या टॉपरवर, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यावर बसवायच्या बंद छतावर, आलेला लेख वाचला. काळ्या काचा, आतले दिवे, गाडीच्या रंगाशी जुळणारा रंग, वर तंबू ठोकून झोपायची सोय, सगळं आलं. ज्या हौद्यावर हे सगळं बसणार त्याच्याबद्दल मात्र एक ओळ नाही. मी गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. टॉपर बसवणं, आणि त्याहून जास्त वेळा दुसऱ्याने बसवलेला उतरवून खालचा पत्रा दुरुस्त करणं, हा माझा रोजचा धंदा आहे. म्हणून हे पत्र.

'छतावर ३०० किलो पेलतो' असं त्या लेखात एका टॉपरचं कौतुक आहे. पेलत असेल, माझा वाद नाही. पण असे मोठे आकडे बहुधा उभ्या गाडीचे असतात. गाडी चालू असतानाचा आकडा वेगळा आणि बराच कमी असतो. माहितीपत्रकात तो खाली बारीक अक्षरांत सापडतो, नाहीतर सापडतच नाही. शिवाय दोन्ही आकडे टॉपरचे. तो भार ज्या कडेवर उतरतो ती कड गाडीची, आणि तिच्याबद्दल टॉपर विकणारा काहीच बोलत नाही.

हौद्याची ताकद असते तळात. तळाचा पत्रा नालीदार, त्याखाली आडवे चॅनेल, आणि ते चॅनेल बोल्टने चॅसीवर. सिमेंटच्या गोण्या रचा, त्याला फरक पडत नाही. बाजूच्या भिंतींचं काम वेगळं. माल बाहेर सांडू नये, दोऱ्या बांधता याव्यात, एवढ्यासाठी त्या असतात. आतबाहेर दोन पातळ पत्रे, वरच्या कडेला घडी घालून आणलेला कडकपणा, बस्स. वरून उघडा, मागून फाळक्याने (मागच्या दाराने) बंद होणारा हा सांगाडा म्हणजे झाकण नसलेला पुठ्ठ्याचा खोका. कोपऱ्याला धरून पिळला की पिळला जातो. सरळ खाली येणारं वजन त्या भिंती बऱ्यापैकी सोसतात. त्रास होतो तो डुलण्याचा. एक चाक खड्ड्यात, दुसरं वर, आणि डोक्यावर वजन असलं की टॉपर कडेला आधी एका बाजूला ओढतो, मग दुसऱ्या.

याचे परिणाम कुठे बघायचे तेही सांगतो. एक, केबिनमागची आडवी भिंत बाजूच्या भिंतीला मिळते तो वरचा कोपरा. तिथे स्पॉट वेल्डिंगजवळ रंगाला केसाएवढी चीर दिसली की पत्रा हलतोय असं समजा. दुसरी जागा फाळक्याच्या खांबाची. काल एका बोटाने लागणारा फाळका आज आपटून लावावा लागतोय, तर लॅचला तेल सोडण्याआधी हौदा वरून किती फाकलाय ते मोजा. फाळका बंद असतो तेव्हा तो मागच्या बाजूने दोन्ही भिंतींना बांधून ठेवतो. वर वजन ठेवून फाळका उघडा टाकून खराब रस्त्याने जाणारे लोक बघितले की माझा हात कपाळाला लागतो.

टॉपर बसवायच्या आधी दहा मिनिटं टेप घेऊन मोजमाप करावं. हौद्याचे दोन्ही कर्ण मोजा. जुळले नाहीत तर गाडीला कधीतरी ठोकर बसली आहे. मग वरची रुंदी पुढे, मध्ये आणि मागे मोजा. वाळू-खडी वाहिलेल्या गाडीच्या भिंती मध्यभागी बाहेर फुगलेल्या असतात. टॉपरचा तळ सरळ, कड फुगीर. अशा वेळी कारागीर क्लॅम्प (टॉपर कडेला धरून ठेवणारे शिकंजे) आवळून दोघांचं जमवून देतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि पुढे टॉपरच्या फायबरच्या कोपऱ्यांना कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. मग दोष फायबरला.

क्लॅम्पचं तर विचारूच नका. बऱ्याच गाड्यांच्या कडेवर प्लॅस्टिकची टोपी असते. ती न काढता तिच्यावरच क्लॅम्प आवळला की उन्हाने आणि दाबाने प्लॅस्टिक बसतं आणि क्लॅम्प ढिला होतो. मग खडखडाट सुरू, मालक घरीच पाना घेऊन आणखी आवळतो, आणि कडेची आतली घडी वाकते. असा टॉपर उतरवला की क्लॅम्पच्या जागी पत्र्यावर जबड्याचा ठसा दिसतो, भोवती रंगाची भुकटी, आणि ठशाच्या खालच्या काठाला तपकिरी रेघ. बोटाने खरवडली की रेघेबरोबर पत्र्याचा पापुद्राही येतो. टोपी काढावी, जबड्याखाली रुंद पट्टी द्यावी, टॉपरखाली रबराची सलग पट्टी टाकावी, बेताने आवळावं आणि काही दिवस गाडी चालवून झाल्यावर पुन्हा तपासावं. भोक पाडायची वेळ आलीच तर कापलेल्या काठाला प्रायमर लावल्याशिवाय बोल्ट घालू नये.

सगळ्या गाड्यांना एकच औषध चालत नाही, हेही लेखात यायला हवं होतं. फोर्ड एफ-१५० ची बॉडी आणि हौदा २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचा आहे. तिथे लोखंडी क्लॅम्प उघडा टेकला आणि पाणी लागलं की दोन धातूंमध्ये गंज धरतो, मध्ये रबर हवंच. टोयोटा टॅकोमाच्या हौद्याचा आतला भाग २००५ च्या मॉडेलपासून कंपोझिटचा, म्हणजे तंतू घालून मजबूत केलेल्या प्लॅस्टिकचा, आहे. तिथे पत्र्याच्या हिशोबाने आवळून चालत नाही. होंडा रिजलाइनमध्ये केबिन आणि हौदा एकाच बॉडीचे भाग आहेत. चॅसीवरच्या पिकअपमध्ये मात्र दोन्ही वेगवेगळे बसवलेले असतात आणि चालताना एकमेकांपासून थोडे हलतात. तिथे टॉपर आणि केबिन यांच्यात फट हवी, फार तर मऊ रबर. पाणी गळतं म्हणून ती फट सिलिकॉनने भरून टाकणारे महाभाग आहेत.

वजनाचा हिशोबही एकदा मांडू. समजा गाडीचा पेलोड, म्हणजे माणसांसकट ती वाहू शकते ते एकूण वजन, ७०० किलो आहे. पाच माणसं धरा ३५० किलो. फायबरचा टॉपर ९०, वरचा रॅक आणि तंबू मिळून ८०. झाले ५२०. उरलेल्या १८० मध्ये पाणी, सामान, अवजारं आणि जादा चाक. त्यात टॉपरचं आणि तंबूचं वजन उंचावर असल्याने वळणावर गाडी जास्त कलते ते वेगळंच. ज्यांना वर तंबू हवाच आहे त्यांनी टॉपरच्या आत लोखंडी सांगाडा करून त्याचे पाय थेट हौद्याच्या तळावर, आडव्या चॅनेलच्या डोक्यावर उतरवावेत. थोडी जागा जाते. पण भार भिंतीवरून उतरून जिथे जायला हवा तिथे जातो.

केबिनवरचा तिसरा ब्रेकलाइट टॉपरमागे झाकला जातो, त्याची जोडणी टॉपरवर करून घ्यावी. आणि टॉपरची मागची काच उघडी ठेवून आत माणसं बसवू नयेत. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पुढच्या वेळी टॉपरची तुलना छापाल तेव्हा तक्त्यात तीन रकाने वाढवा, ही विनंती: टॉपरचं स्वतःचं वजन, चालत्या गाडीत छतावर चालणारा भार, आणि कडेवर किती क्लॅम्प व कुठे. विक्रेत्याने यातला एखादा आकडा दिला नाही तर तो रकाना कोरा छापा.

आपला,
बॉडी-फॅब्रिकेशनच्या कामातला एक वाचक