एका इंजेक्शनची लस अडते कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बूस्टरसकट सगळे डोस एकाच इंजेक्शनात देऊ पाहणाऱ्या, विघटनशील पॉलिमरच्या लशींवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. माहिती ठीक आहे, पण सगळा भर पॉलिमर किती दिवसांत विरते यावर आहे. तो प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. ल्युप्रोलाइड हे औषध पीएलजीए या विघटनशील पॉलिमरच्या सूक्ष्मकणांतून महिनाभर सोडणारे इंजेक्शन अमेरिकेत १९८९ मध्येच मंजूर झाले. पुढे १९९०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने धनुर्वाताच्या टॉक्सॉइडवर (निर्विष केलेल्या विषावर) हेच तंत्र वापरून पाहिले गेले. प्राण्यांमध्ये प्रतिपिंडे चांगली तयार झाली, तरी लस बाजारात आली नाही. ल्युप्रोलाइड ही जेमतेम नऊ अमिनो आम्लांची साखळी. तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. टॉक्सॉइड हे सुमारे दीड लाख डाल्टन रेणुभाराचे प्रथिन. त्याची घडी, म्हणजे रेणूचा ठरलेला आकार, मोडली, तर त्याविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडे खऱ्या विषाला ओळखतीलच असे नाही.

घडी मोडते कुठे, हे कण बनवण्याची कृती पाहिल्यावर कळते. प्रयोगशाळेत साधारणपणे ३०० मिलिग्रॅम पीएलजीए ५ मिलिलिटर डायक्लोरोमिथेन या विद्रावकात विरघळवतात. त्यात प्रतिजनाचे, म्हणजे लशीतल्या प्रथिनाचे, अर्धा मिलिलिटर जलीय द्रावण घालून, भांडे बर्फात ठेवून, ध्वनिलहरींनी थेंब फोडणारा सोनिकेटर थांबत थांबत अर्धा मिनिट चालवतात. हे झाले पहिले इमल्शन: तेलात पाणी (इथे तेल म्हणजे तो विद्रावक). ते दुधासारखे एकसंध दिसले पाहिजे. तळाशी थर दिसू लागला तर पुढे जाण्यात अर्थ नाही. मग ते १ ते २ टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या ५० मिलिलिटर द्रावणात ओतून वेगाने घुसळणारा होमोजिनायझर फिरवतात आणि तीन-चार तास उघड्यावर, अर्थात धूर-कपाटात, ढवळत ठेवतात. डायक्लोरोमिथेन ४० अंशांलाच उकळते, त्यामुळे ते उडून जाते आणि कण घट्ट होतात. शेवटी सेंट्रिफ्यूज, तीन धुण्या आणि फ्रीज ड्रायिंग (गोठवून वाळवणे).

यात सर्वांत घातक ठरते ते पहिले अर्धे मिनिट. पाण्याचे थेंब जितके बारीक, तितका पाणी-विद्रावक सीमेचा पृष्ठभाग मोठा. आणि प्रथिन नेमके त्या सीमेवर जाऊन पसरते, आतली जलविरोधी बाजू उघडी टाकते आणि शेजारच्या रेणूला चिकटते. सोनिकेटरची उष्णता बर्फाने आवरता येते, सीमा आवरत नाही. त्यावर जुना तोडगा म्हणजे आतल्या पाण्यात अल्ब्युमिन घालणे, म्हणजे सीमेवरची जागा ते अडवते आणि प्रतिजन वाचते. पण माणसाला द्यायच्या लशीत जास्तीचे प्रथिन घालणे नियामकांना सहज पटत नाही. ट्रेहॅलोजसारखी साखर वाळवताना उपयोगी पडते, सीमेवर तिची फारशी मदत होत नाही. उलट आतल्या पाण्यात ती जास्त झाली की परासरण दाबामुळे बाहेरचे पाणी आत खेचले जाते, कण सच्छिद्र होतात आणि पहिल्याच दिवशी बराचसा माल बाहेर येतो. बाहेरच्या द्रावणातही तेवढीच साखर किंवा मीठ घालून दाब सारखा ठेवला, तर हे बरेच आटोक्यात येते. ही साधी गोष्ट अनेक ठिकाणी राहून जाते.

दुसरा घाव शरीरात बसतो. पीएलजीए विरते म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल तयार होते. ते कणाबाहेर निघायला वेळ लागतो, म्हणून कणाच्या पोटातला पीएच ३ च्याही खाली जाऊ शकतो. ३७ अंश तापमान, ओलावा आणि हे आम्ल, अशा स्थितीत प्रथिनाने कित्येक आठवडे टिकायचे असते. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडसारखा कमी विरघळणारा अल्क कणात मिसळला की पीएच सावरतो. मात्र प्रमाण वाढवले तर पॉलिमरच्या विघटनाचा वेग आणि कणाची रचना दोन्ही बदलतात, आणि मोजून ठेवलेले वेळापत्रक पुन्हा मोजावे लागते.

म्हणून 'अमुक दिवसांत ८० टक्के प्रथिन सुटले' असा दावा वाचनात आला, की ते प्रथिन कोणत्या चाचणीने मोजले हे आधी पाहावे. बीसीएसारखी रंगचाचणी एकूण प्रथिन मोजते. तिला शाबूत आणि मोडके यांतला फरक कळत नाही. घडीबरहुकूम प्रतिजन ओळखणाऱ्या प्रतिपिंडांची एलायझा चाचणी केली, तर आकडा बराच खाली येऊ शकतो. आणखी एक मेख आहे. ३७ अंशांच्या बफरमध्ये सुटलेले प्रतिजन आठ-आठ दिवस तसेच पडून राहिले, तर ते नळीतच बिघडते आणि दोष कणाच्या माथी जातो. नमुने लवकर लवकर घ्यावेत, दर वेळी बफर पूर्ण बदलावे आणि तेवढ्याच काळासाठी नुसते प्रतिजन शेजारी ठेवून तुलना करावी.

लेखात कणांच्या आकारावर एक ओळ आहे, तीही अपुरी. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण रोगप्रतिकार यंत्रणेच्या, प्रतिजन सादर करणाऱ्या पेशी थेट गिळतात. मोठे कण जागेवर बसून साठ्याचे काम करतात. दोन्ही कामे एकाच मापाच्या कणाकडून होत नाहीत.

निर्जंतुकीकरणाचा तर उल्लेखच नाही. हे कण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जात नाहीत, ऑटोक्लेव्हमध्ये पीएलजीए टिकत नाही आणि गॅमा किरणांनी पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, शिवाय प्रतिजनालाही इजा होते. उरतो एकच मार्ग: पॉलिमरचे द्रावण, प्रतिजन आणि बाहेरचे द्रावण आधी वेगवेगळे गाळून घ्यायचे आणि पहिल्या इमल्शनपासून कुपी बंद होईपर्यंतची प्रत्येक पायरी निर्जंतुक खोलीत पार पाडायची. त्यातच डायक्लोरोमिथेनचा अवशेष ६०० पीपीएमच्या (दहा लाखांत ६०० भागांच्या) आत आणायचा. तो आणण्यासाठी वाळवताना तापमान घाईने वाढवले आणि ओलसर पॉलिमरने काचसंक्रमण बिंदू (ज्या तापमानाला कडक पॉलिमर मऊ पडते तो) ओलांडला, की कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. असे गठ्ठे सुईत अडकतात आणि ती सगळी बॅच टाकून द्यावी लागते.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक अभ्यासक